गोधडीचं लुगडं

फोटोसमोर कसं उभं राहायचं, हे मी फोटोग्राफीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी शिकले. फोटो कसा काढायचा, ते नंतर. आधी दोन पावलं मागं जायचं, एक हात कोपराखाली, दुसरा हनुवटीला, मान जराशी कलती आणि तोंडातून एक लांबलेलं "हंऽऽ". एवढं जमलं की गॅलरीत तुम्हाला कुणी "तुम्ही कुठल्या?" असं विचारत नाही. आमचे सर तर इतके मागं जायचे की एकदा त्यांचा खांदा लागून मागच्या भिंतीवरचा फोटो वाकडा झाला, आणि दिवसभर येणारी माणसं त्या वाकडेपणाचा अर्थ लावत राहिली.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव अजून बदलायचं होतं. आमच्या गारखेड्यात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. बायपासला मात्र नव्या बिल्डिंगा उगवतच होत्या, आणि एक टँकर गावाकडे पळाला की दुसरा त्या बिल्डिंगांकडे पळायचा. दुष्काळ पडला की पुढारी येतात, पुढाऱ्यांच्या मागून फोटोग्राफर येतात. पाऊस तेवढा येत नाही.

त्या दोन वर्षांत मी गॅलरीच्या भिंतींवर इतक्या भेगा पाहिल्या की शेतात पाहायची गरजच उरली नाही. काळ्यापांढऱ्या भेगा. भेगांवर अनवाणी पाय. भेगांवर बसवलेलं उघडं बाळ, ज्याची आई फ्रेमच्या बाहेर त्याचं टोपडं धरून उभी असणार. भेगेतून उगवलेलं एकुलतं एक हिरवं रोप, आणि ते तिथं कुणी खोचलं हे विचारायचं नाही. माझ्या आत्याच्या गावाकडे, पाचोडच्या पुढं, एक तळं आटलं होतं. तिथं शेळ्या चारणाऱ्यांना या लोकांची इतकी सवय झाली होती की जीप थांबली की ते आपणहून सांगायचे, "भेगा पायजेत ना? हितल्या बारीक हायेत. त्या बाभळीखाली जा, लई मोठ्या हायेत."

दुसरा माल म्हणजे विकास. बिडकीनच्या बाजूला तेव्हा माळरानातून सहापदरी रस्ते निघत होते आणि त्यावर गाड्यांऐवजी मेंढरं चालत होती. पुढं मेंढरं, मागं क्रेन. हा फोटो ज्यानं काढला नाही तो फोटोग्राफरच नव्हे. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. वडील कंपनीत लागले म्हणून आम्ही शहरात आलो, बाकीचे अजून कळपामागंच होते. त्यामुळे माझ्या चुलत्याच्या मेंढरांचे जेवढे फोटो गॅलरीत लागले, तेवढे आमच्या अख्ख्या खानदानाचे लागले नसतील. एका फोटोखाली "मौन" असं लिहिलं होतं. मेंढरांच्या कळपाशेजारी जो पाच मिनिटं उभा राहिला आहे त्याला दुसरा कुठलाही शब्द सुचेल, पण मौन सुचणार नाही.

एकदा मुंबईहून एक मोठे फोटोग्राफर आले. अंगात खिशांचं जाकीट. इतके खिसे की त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा मावला असता. तीन भिंतीभर त्यांचे पाण्याविना तडफडणाऱ्या माणसांचे फोटो होते, आणि भाषणात ते म्हणाले, "मी या माणसांच्या तहानेत राहिलो." चार दिवस राहिले होते. भाषण संपवून ते हॉलच्या संडासात गेले, आणि थोड्या वेळानं आतून हाका यायला लागल्या. नळाला पाणी नव्हतं. हॉलचे वॉचमनकाका अर्धी बादली घेऊन गेले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "साहेब, जपून वापरा बरं. संध्याकाळपर्यंत पुरवायचंय." दार किलकिलं झालं, आतून हात आला, बादली आत गेली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. अख्ख्या प्रदर्शनात नव्हता असा दुष्काळाचा खराखुरा फोटो माझ्यासमोर चालून आला होता.

मी तो काढला नाही. आमच्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला फोटो निवडायला तेच गृहस्थ येणार होते.

कॉलेज सुटलं की मी गारखेड्यातल्या एका स्टुडिओत काम करायचे. मालकांना सगळे चाचा म्हणत. निळा पडदा, एक स्टूल, आरसा, त्याला बांधलेला कंगवा. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, आणि गेलेली माणसं. कुणी वारलं की घरचे आधार कार्ड घेऊन यायचे, कारण त्या माणसाचा दुसरा फोटोच घरात नसायचा. आधार कार्डावर माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. चाचा तो चेहरा कॉम्प्युटरवर मोठा करायचे, उजळायचे, मागं निळं आभाळ घालायचे आणि पुरुष असेल तर अंगात कोट चढवायचे. कोट एकच होता. गारखेड्यातले अर्धे स्वर्गवासी त्या एका कोटात वर गेले. कॉलेजात मी या कोटाची गोष्ट रंगवून सांगायचे आणि सरांसकट सगळे पोट धरून हसायचे. चाचांना ते कुठून तरी कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हस ले बेटा. पन आदमी गये बाद घर में एक अच्छा फोटो होना की नई?"

वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. माझ्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं. सर म्हणाले, "तू कशाला वणवण करतेस? तुझ्याकडे तर घरचंच मटेरियल आहे." मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला.

मी आत्याला निरोप धाडला की फोटो काढायला येतेय. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. एसटीतून उतरून घरी पोचले तर ती उंबऱ्यात तयार बसलेली. पोराच्या लग्नात घेतलेलं हिरवं इरकल नेसलेली, डोक्याला तेल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मामा, म्हणजे आत्याचे मालक, बाजाराला गेले होते, पण बाकी घर भरलेलं होतं. सून होती, दोन नातवंडं होती, मजा बघायला शेजारीणही आली होती. सकाळीच टँकर येऊन गेल्यामुळे हंडे भरलेले होते. निळ्या पिंपातही पाणी होतं. पिंपाचं झाकण मागंच फुटलं होतं, वर नुसतं पोतं टाकलेलं, आणि एक शेळी सारखी त्यात तोंड घालायला बघत होती.

माझ्या फोटोच्या दृष्टीनं सगळाच घोटाळा होता.

"आत्या, फाटकं काही आहे का गं नेसायला?"

"फाटकं? मी काय फाटकं नेसते व्हय?" मग तिलाच हसू आलं. आत जाऊन तिनं चिंध्यांच्या गठुड्यातून एक विटलेलं लुगडं ओढून काढलं. "हे गोधडीला काढून ठिवलंय. चालंल का?"

लई चाललं. सुनेनं भरलेला हंडा माझ्यासाठी पिंपात रिकामा केला. सुनेला, पोरांना, शेजारणीला मी दूर पिटाळलं. आत्याला मागच्या पडक्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून बसवलं, शेजारी तो पोचे पडलेला हंडा आडवा टाकला, पदर पुढं ओढायला लावला. कुंकू पुसायला सांगितलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. ते सावलीत झाकेल असं बसवलं.

"हसू नको, आत्या."

"मंग काय करू?"

"काहीच नको. लांब बघ."

"लांब काय हाय?"

"काही नाही."

"काय नाय तर बघू काय?"

तिच्या तोंडावर जो वैताग आला तो मी टिपला. पुढं लोकांनी त्याला वेदना म्हटलं.

माझं काम झालं तशी ती लगबगीनं घरात गेली आणि पुन्हा हिरवं इरकल नेसून आली. अंगणाच्या मधोमध, ऐन दुपारच्या उन्हात उभी राहिली. "आता माझा काढ. भितीवर लावायचा हाय. सासूचा कुनी काढलाच नाय, ती गेली तवा आधार कार्डावरचा मोठा केला. चोरावानी दिसती बिचारी. माझा आधीच काढून ठिव."

कॅमेऱ्याच्या कार्डात जागा होती, बॅटरी होती. पण डोक्यावर ऊन, चेहरा सपाट, पाठीमागं वाळत घातलेली पोरांची चड्डी. असले फोटो काढले की नजर बिघडते, असं सर सांगायचे. एसटीची वेळही झाली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धंच दाबलं. फोकसचा टुक् असा आवाज झाला.

"काढला," मी म्हटलं.

"लई बेस," आत्या म्हणाली.

तो गोठ्याजवळचा फोटो निवडला गेला. खिशांच्या जाकिटानं त्याच्यासमोर दोनऐवजी तीन पावलं मागं जाऊन "हंऽऽ" केलं आणि म्हणाले, "हा एकटेपणा!" सरांनी माझी पाठ थोपटली. फोटो मोठा करून, जाड फळीवर चिकटवून, वर लॅमिनेशन करून दारासमोरच्या भिंतीवर लागला. आठ दिवस मी तरंगत होते.

शेवटच्या दिवशी वडील आत्याला घेऊन हॉलवर आले. मोतीबिंदू दाखवायला ती शहरात आली होती. "भाचीचं काम बघायचंय" म्हणून हट्ट धरून बसली, म्हणून ड्यूटीवर जाता जाता वडिलांनी तिला माझ्याकडे सोडलं आणि ते गेले. अंगावर हिरवं इरकल. गॅलरीतली माणसं बाजूला होऊन तिच्याकडे बघू लागली, आणि त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही की दारासमोरच्या फोटोतली बाई हीच.

तिलाही कळलं नाही. ती त्या फोटोसमोर थांबली. हनुवटीला हात नाही, मान कलती नाही. एक डोळा बारीक करून ती बराच वेळ बघत राहिली.

"बिचारी," ती म्हणाली. "हिला कुनी नाय का गं?"

ती आणखी पुढं झाली, फोटोला नाक लागेल इतकी. "लुगडं वळखीचं वाटतंय." मग बोट टेकवून म्हणाली, "ह्यो हांडा तर आपला हाय." आणि मग ती फोटोकडे बघायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

"सून हुती की तवा तिथं. पोरं हुती. शेजारीन बी हुती."

"हो."

"अन् माझा फोटू कुठंय? हिरव्या लुगड्यातला?"

"नाही काढला, आत्या. काढला म्हणून खोटं सांगितलं."

"व्हय," एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की त्या भेगा काढणाऱ्यांत, मेंढरं काढणाऱ्यांत आणि माझ्यात काय फरक, हे शोधायला गेले तर एकच सापडला. ते परके होते.

मी तिला रिक्षात घालून चाचांकडे नेलं. चाचांनी आधी स्टूल पुसलं आणि मग तांब्या पुढं केला. "अम्मा, पानी पियो पयले. धूप में से आये." मग आरसा दाखवला, कंगवा दिला, काठ दिसेल असा पदर घ्यायला लावला. मी दिवा धरून उभी राहिले. दिवा धरण्यापलीकडे माझी लायकी त्या दिवशी नव्हती. "थोडा हसो, अम्मा. लडकी के घर जा रहे समझो." आत्या हसली. पुढचा एक दात नसलेलं, सगळ्या तोंडभर हसू. मागं निळा पडदा, चेहऱ्यावर कुठंही सावली नाही, नजर थेट कॅमेऱ्यात. सरांच्या यादीतल्या सगळ्या चुका एका फोटोत होत्या. चाचांनी तिथंच छापून काचेच्या फ्रेममध्ये घालून दिला. आत्यानं फ्रेम डोळ्याजवळ धरली. "हां," ती म्हणाली, "ही मी हाय."

प्रदर्शन उतरलं तशी माझी फळी घरी आली आणि कपाटामागं जाऊन पडली. आत्या पुढं डोळ्याचं ऑपरेशन करून आमच्याकडे राहिली तेव्हा तिला ती दिसली. तिनं बोटांनी वाजवून बघितली. "जाड हाय. मला देतीस का?" माझा ऊर भरून आला. मला वाटलं, नवीन डोळ्यानं बघितल्यावर तिला फोटो कळला. आम्हा कलावंतांना असं पटकन वाटतं.

दिवाळीत तिच्या घरी गेले. भिंतीवर सासूचा चोरावानी फोटो होता, शेजारी हिरव्या इरकलात हसणारी आत्या होती. माझा फोटो काही दिसेना. घर पाहिलं, ओसरी पाहिली. शेवटी अंगणात गेले तर निळ्या पिंपावर माझी फळी अगदी मापात बसलेली, वर दगड ठेवलेला, आणि शेळी हिरमुसून बाजूला उभी. फोटोची बाजू खाली होती.

"उलटा का ठेवलास, आत्या?"

"सुलटा ठिवला तर तिला नुसतं ऊनच की गं," आत्या म्हणाली. "खाली पानी हाय. तेवढंच बिचारीला."

मग तिनं दगड उचलला, फळी सरकवली आणि मला तांब्याभर पाणी काढून दिलं.