लंकेच्या मामी

ह्यांच्या मामी चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, जळतं टोक तोंडात धरून ओढायच्या. नवी नवरी म्हणून नागपूरच्या सदर भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं आणि ते पाहून मी किंचाळलेच. मामी शांतपणे म्हणाल्या, "भिऊ नको वं, विस्तव माह्या तोंडात आहे, तुह्या नाही."

ह्यांची आई लहानपणीच गेली, मामींनी ह्यांना वाढवलं. मामी सिरोंच्याकडच्या. तिथे नदीच्या मधोमध गाळाची बेटं आहेत, त्यांना लंका म्हणतात. पूर ओसरला की नव्या गाळात चुट्ट्याचा तंबाखू लावायचा, शेंडे खुडून पान मोठं करायचं, मग मांडवात टांगून वाळवायचं. मामा वारल्यावर त्या ह्यांना घेऊन नागपूरला आल्या. अंगावर फुटका मणी नाही, म्हणून शेजारणी त्यांना 'लंकेची पार्वती' म्हणायच्या. मामी हसायच्या.

एक मात्र खपायचं नाही. "तुम्ही जेवा, मी नंतर बसते" असं म्हटलं रे म्हटलं की ओरडायच्या, "नंतर म्हनू नको! आता बस!" बाई गं, सासुरवास तरी किती तऱ्हेचा, असं वाटायचं मला.

एकदा दुपारी मीही चिडले. "काहून पण?" तर मामी रडायलाच लागल्या.

मग त्यांनी लंकेवरची गोष्ट सांगितली. वाळल्या पानांचे गठ्ठे बांधून झाले होते. आभाळ कोरडं, पण नदीच्या वरच्या भागात झालेल्या पावसाचं पाणी बेटावर चढलं. नाव एकच. मामींची पायानं अधू नणंद, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "वैनी, पान भिजन. पोराले अन् गठ्ठे आधी न्या, मी नंतर येतो."

"ती म्हनली अन् मी आयकलं. मले तेच आयकायचं होतं वं," मामी म्हणाल्या. नाव परत गेली तेव्हा मांडवही नव्हता आणि सासूबाईही.

हे तेव्हा पाचेक वर्षांचे. त्यांना काही आठवत नसेल असंच मामी धरून चालल्या होत्या. "पानापायी त्याची माय सोडली मी. सांगतोच आज. काढलं घरातून तर काढलं."

संध्याकाळी हे आले. मामींनी चहाही पिऊ दिला नाही, सगळं सांगून टाकलं.

हे तिथेच मामींजवळ खाली बसले. मग म्हणाले, "मामी, मी नावेतच होतो ना. गठ्ठ्यावर बसून 'चला, चला' म्हणून मीच ओरडत होतो. आईकडे वळून पाह्यलं पण नाही." आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडू लागला.

मामींनी त्यांचं डोकं मांडीवर ओढलं. "येडा आहेस का गा? लेकरू होतास तू. तुहा काय दोष?"

"मग तुहाही नाही."

मामींचा हात त्यांच्या केसांतच थांबला.

"मी लेकरू नव्हतो गा," त्या म्हणाल्या.