कलम चौथे आणि पावरीचा श्वास

आज सकाळी वर्तमानपत्राच्या पुरवणीत जगातील सर्वश्रेष्ठ नृत्यसंगीताच्या अल्बमांची क्रमवारी छापून आली आहे. चहा निवेपर्यंत मी ती दोनदा वाचली आणि संपादकांना पत्र लिहिण्यासाठी कागद ओढला. निवाडा कोणी दिला, कोणत्या कसोटीवर दिला, ज्यांना वगळले त्यांचे म्हणणे कोणी ऐकले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रंगीत पानावर नाही. सातवा आणि आठवा यांत अंतर काय, हे सांगण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही. संतापाच्या भरात चार ओळी झाल्या; पण ‘ऐकले’ हा शब्द लिहिताच हात थबकला. न ऐकता दिलेला एक निवाडा माझ्याही नावावर आहे.

ऐंशीचे दशक सरत आले होते. जळगावहून बदली होऊन मी धुळ्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून रुजू झालो होतो. संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या कॅसेटच्या दुकानात डोकावणे हा माझा एकमेव शौक. दुकानदाराला सारे नाना म्हणत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, लगीनसराई ऐन भरात असताना, नाना दुकानाच्या काचेवर ‘नाचायच्या पहिल्या दहा कॅसेटी’ अशी यादी डकवीत. वरातवाले ती वाचूनच खरेदी करीत, आणि यादीत न बसलेल्या कॅसेटी नाना पुसून त्यांवर खपणारी गाणी भरीत. म्हणजे ती यादी निव्वळ आवडनिवड नव्हती, तो अंमलबजावणीसह हुकूमनामा होता! त्यात दोन वर्षे नानांच्या मेव्हण्याचीच बँडपार्टी पहिली. मी लेखी हरकत घेतली. एकदा नव्हे, पाचदा. प्रत्येक पत्राच्या नकलेवर नानांची पोच घेतली. शेवटी ते हात जोडून म्हणाले, “साहेब, मी वाजवू का वाचू? नियम तुम्हीच लिहा, मी सही ठोकतो.”

मी सात कलमे लिहिली. चौथे कलम असे की, कॅसेटच्या प्रत्येक बाजूस किमान चार स्वतंत्र गाणी असावीत व दोन गाण्यांत स्पष्ट विराम असावा. एकच चाल ताणून गिऱ्हाइकास फसविणाऱ्यांना त्याने चाप बसेल, असा माझा हिशेब. सहाव्या कलमानुसार नामंजूर कॅसेट आठ दिवसांत परत न नेल्यास ती पुसावी. त्या मसुद्यावर मी किती खूश होतो, हे आज लिहिताना कानशिले तापतात.

त्याच आठवड्यात साक्रीकडच्या डोंगराळ गावात शिकवणाऱ्या एक शिक्षिका दुकानात आल्या. नाना त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही. त्यांनी पावरीची कॅसेट पुढे केली. पावरी म्हणजे भोपळ्याला बांबू आणि शिंग जोडलेले, श्वास न तोडता फुंकायचे वाद्य. कव्हरवर दोन्ही बाजूंना एकेकाच गाण्याचे नाव होते. मी कलम वाचून दाखवले आणि नामंजूर म्हणालो.

“भाऊ, तुम्ही ती ऐकली तरी का?”

“गरज नाही. दोषारोप कव्हरवरच सिद्ध होतो.”

“मग राहू द्या इथेच. ऐकल्याशिवाय मी ती परत नेत नसते.” नाना खुदकन हसले. जाता जाता अक्का म्हणाल्या, “रविवारी गावात या. तुमच्या कोर्टात स्थळपाहणी करतात ना?”

हे आव्हान मला नाकारता आले नाही.

टेकडीच्या पायथ्याशी, भर दुपारी, मोहाच्या सावलीत एक मध्यमवयीन गडी पावरी फुंकत होता. त्याच्याभोवती बायाबापड्यांनी एकमेकांच्या कमरेत हात गुंफून कडे धरले होते आणि ते कडे एखाद्या जिवंत प्राण्यासारखे आत-बाहेर श्वास घेत होते. मी घड्याळ पाहिले, मग पाहायचे विसरलो. सूर तुटेना. पायांखालची जमीनच तो आवाज काढते आहे आणि हा माणूस तिला फक्त वाट करून देतो आहे, असे वाटू लागले. आयुष्यात मी न्यायाधीशांसमोर उभा राहिलो, पण इतक्या आदराने कधी उभा राहिलो नव्हतो. तो थांबला तेव्हा मी कसेबसे विचारले, मध्ये विराम का नाही?

“बठ्ठा लोके थकतस तव गानं सरस,” तो घाम पुसत म्हणाला; सारे थकले की गाणे संपते, इतका साधा त्याचा नियम. “मधमा कसं सरी, भाऊ?” मग हळूच, “मनी कॅसेट वाजाडी का दुकानमा? त्यामा मना बाप शे.”

अक्कांनी सांगितले की कॅसेटमध्ये पावरी फुंकणारा त्याचा बाप माघात वारला. दुसरी प्रत नव्हती. आणि पुसण्याचे कलम मी त्यांना वाचून दाखवलेच नव्हते. आठवा दिवस उद्याच, सोमवारी भरत होता.

सोमवारी पहिल्या एसटीने धुळे गाठले. दुकानात यंत्राची दोन्ही चाके फिरत होती. “तुमच्याच हातचा नियम, साहेब,” नाना म्हणाले. मी यंत्र थांबवायचे बटण दाबले. एका बाजूची जवळपास अर्धी फीत वरातीच्या गाण्यांनी भरून गेली होती.

पुढच्या रविवारी ती कॅसेट घेऊन मी त्याच झाडाखाली गेलो. माफीचे पत्र लिहून नेले होते, पण ते वाचायचे कोणासमोर? अक्कांनी टेपरेकॉर्डर लावला. आधी बँडची उडती गाणी आली. मी मान खाली घातली. कड्यातले लोक मात्र त्यांवरही नाचू लागले. मग एका गाण्याच्या ऐन मध्यात खट्ट झाले आणि सुरुवातीवाचून, अर्ध्या फुंकरीतून पावरी आत आली. कुणी थांबले नाही. पावले बदलली, कडे किंचित आवळले, इतकेच. तो गडी टेपरेकॉर्डरजवळ उकिडवा बसला होता. बराच वेळ ऐकून तो माझ्याकडे वळला.

“बाप उशिरा उना, भाऊ. पन उना.” उशिरा का होईना, बाप आला होता.

मी सात कलमे फाडली, नानांनी पुढे दुकान बदलले, फिती आता कुणी वापरत नाही. काळ असाच एकावर दुसरे भरत जातो, आणि त्याला थांबवणारे बोट बहुधा उशिराच पोहोचते. तरीही पुसलेले जिथे संपते तिथून तो म्हातारा बाप अजून फुंकतो आहे, मागचे काय गेले हे न विचारता; आणि तो ऐकताना पहिला कोण, दहावा कोण, हे माझ्या ओठांवर येत नाही.