मागचा आवाज

‘मागून आवाज आल्याशिवाय पुढची ओळ नाही,’ असं कांताकाकी नेहमी म्हणायची, आणि खरंच थांबायची.

परळच्या चाळीत, तळमजल्याच्या खोलीत विहार होता. रविवारी सकाळी वंदना व्हायची. काकी एक ओळ म्हणायची, मग बायका, पोरं, रात्रपाळी करून आलेले पुरुष तीच ओळ उचलायचे. मी गावाहून आलो की भिंतीला टेकून बसायचो. आमच्याकडं एका डोंगरावरून हाक दिली की दुसरा डोंगर ती सावकाश परत देतो. तसं वाटायचं.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला. माणसांना घरं मिळाली, विहाराला जागा मिळाली नाही. खाली सोसायटीचा हॉल होता. काकीनं त्यात फक्त रविवारची सकाळ मागितली. सेक्रेटरी म्हणाले, ‘बघू.’ वर्षभर ते बघतच होते.

मग हर्षवर्धन आला. काकीनंच लहानपणी त्याला पंचशील शिकवलेलं. आता तो ध्यान-संगीताचे कार्यक्रम करतो. म्हणाला, “काकी, दादरला तासभर गा. सेक्रेटरींना पुढच्या रांगेत बसवतो. खूश झाले की हॉल आपला.”

काकी पांढरी साडी नेसून गेली. मीही गेलो. अंधार केलेला, उदबत्त्या लावलेल्या, कीबोर्डवर हर्षवर्धनची बोटं. काकीनं त्रिसरणाची पहिली ओळ म्हटली आणि थांबली.

लोक डोळे मिटून गप्प. आवाज आला तो स्पीकरमधून.

काकीनं दुसरी ओळ म्हटली. पुन्हा स्पीकर. त्या आवाजांत एक घोगरा, शेवटचं अक्षर ओढणारा आवाज होता. काकी वळली.

“हर्ष्या, ही रमा ना रे?”

रमाबाई तिची जाऊ. दोन वर्षांपूर्वी गेली.

“चाळीतलं रेकॉर्डिंग आहे, काकी. तू म्हणत राहा, मागचं सगळं त्यात घातलंय मी.”

“आणि हे समोर बसलेत ते?”

“ते ध्यान करतायत.”

काकी माईकजवळ गेली. “डोळे उघडा, बाबांनो. माझ्यामागून म्हणा.”

कुणी हललं नाही. सेक्रेटरींनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

“काकी, हॉल जाईल,” हर्षवर्धन दबक्या आवाजात म्हणाला. “एवढं आटप ना.”

“त्या हॉलमध्ये तरी काय करशील? मी मेले की माझापण आवाज लावशील.”

ती व्यासपीठावरून उतरली. हर्षवर्धननं सूर लांबवला. मधली काकीची ओळ कुणी म्हटली नाही, तरी स्पीकरमधून रमाबाई तिला उत्तर देत राहिली. एवढ्या माणसांतून काकी चालत गेली, पण एकाचीही मान वळली नाही. पाहिलं ते मी, आणि दारात पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या स्वयंसेविका वैशालीनं. वैशालीनं तिला दार उघडून दिलं, आणि रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून हलकेच लावून घेतलं.