ज्याने त्याने वर पळायचं

मी जपानात सेंदाईच्या विद्यापीठात भूगोलाच्या वर्गाला बसायचे हे सांगितलं की पुण्यातल्या माझ्या बहिणी अजून हसतात. हसू देत. मॅट्रिकनंतर नुसता संसार केलेली बाई मी. मुलगा-सून संशोधनासाठी इथे आले, नातीला सांभाळायला म्हणून मी आले ती राहिलेच. नात कॉलेजात गेली आणि घर खायला उठलं. मग कळलं की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काही वर्गांत नुसतं ऐकायला बसता येतं. मी नाव घातलं, तेही नातीच्याच वर्गात. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"बस तू आजी. पण मला सगळ्यांसमोर हाक मारायची नाही."

मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला तेव्हा काही वर्षं झाली होती. वर्गाची सहल निघाली ती उत्तरेच्या किनाऱ्यावरून पायी चालायला. सह्याद्रीच समुद्रात पाय सोडून बसावा, तसा तो किनारा. वाट कड्यावर चढते, पाइनच्या मुळांतून धाडकन खाली दगडगोट्यांच्या किनाऱ्याशी उतरते, की लगेच समोर पुढची चढण. माझे गुडघे बोलत होते, पण मी ऐकत नव्हते. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता, ते वेगळंच. वाटेत प्रत्येक वळणावर पाटी : लाट इथपर्यंत आली होती. पाटी बघायची, मग खाली समुद्र बघायचा, मग पुढे नातीची लाल टोपी कुठेय ते बघायचं.

निघताना सरांनी सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितला होता, नातीने तो मला मराठीत समजावला. जमीन हलली की ज्याने त्याने जवळच्या वाटेने वर पळायचं. कोणाला शोधायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही. डोंगरावर देऊळ आहे, त्याच्या अंगणात भेटायचं. या किनाऱ्यावरच्या आया पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना हेच शिकवत आल्या आहेत म्हणे. पोरांनी मोठ्याने "हो" म्हटलं. मीही म्हटलं. मनात मात्र आलं, ही कसली रीत? आपल्याकडे जत्रेतसुद्धा आधी पोराचं बखोट धरतात.

दुपारी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी गोटे मोजायला पुढे खाली उतरल्या. सर बाकीच्यांना घेऊन वर कड्याचे थर दाखवत होते. मी मधल्या पायऱ्यांवर बसून तिखटमिठाची पुरी खात होते, आणि पायरी हलली. आधी वाटलं चक्कर आली. मग झाडं सळसळायला लागली, वारा नसताना. सगळ्यांचे फोन भूकंपाचा इशारा देत एकदम कोकलले. वरून सर ओरडले, "वर! वर!"

मी खाली पळाले.

विचार केला असता तर सांगितलं असतं. विचार केलाच नाही. पायऱ्या उतरताना नातीच्या घरच्या नावाने हाका मारत होते, असा आवाज काढला की कड्याने परत दिला. खाली गेले तर कोणी नाही. गोट्यांवर मोजपट्टी पसरलेली, वही उघडी पडलेली. समुद्र आपला नेहमीसारखा येत-जात होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाण्याच्या कडेपर्यंत गेले हो मी! लाल काही दिसतंय का म्हणून पाण्यात बघत होते. कुठूनतरी भोंगा सुरू झाला, त्यातली बाई शांत आवाजात सांगायला लागली की किनाऱ्यापासून दूर व्हा. तेव्हा पलीकडच्या अंगाला दुसरी वाट दिसली, वर जाणारी. ओल्या मातीत ताज्या बुटांचे ठसे. मग मी निघाले. चढले म्हणणार नाही, दोन्ही हातांनी रांगत वर गेले.

देवळाच्या अंगणात सगळे होते. माझ्या नातीला दोन्ही मैत्रिणींनी दंडांना धरून ठेवलं होतं. डोकी मोजताना मी कमी निघाले, तेव्हापासून ती खाली यायला झटत होती. मला बघून पोरी म्हणाल्या, "आजी-सान!" आणि तिला सोडलं. ती जवळ आली नाही.

सर माझ्यापुढे उभे राहिले, हळू आवाजात बोलले. माझं जपानी बाजारापुरतं, म्हणून नातीला सांगावं लागलं.

"सर म्हणतात, तुम्ही सुखरूप आलात, बरं झालं. सर म्हणतात, त्या वर्षी या गावातली पुष्कळ माणसं वर पोचली होती. कोणालातरी बघायला परत खाली गेली." मग ती थांबली. "आता हे सर नाही म्हणत, मी म्हणतेय. मी वर गेलेच असणार, एवढाही भरवसा नव्हता तुला माझ्यावर?"

"अगं, भरवशाचं काय, जीव राहीना..."

"माझा राहत होता? ह्यांनी धरलं नसतं तर मी आले असते तुझ्यामागे. मग?"

लाट आली ती वीतभर. आम्ही वरून पाहिली, मोजपट्टी आणि वही घेऊन गेली. सर्वांना हायसं वाटलं. मला नाही. मी तिथे उभी राहून आम्हा दोघींना पाण्यात बघत होते.

लाटेचा इशारा मागे घेतल्यावर उतरायची वेळ आली. नात वाट अडवून उभी.

"परत हललं तर काय करशील?"

"वर जाईन."

"एकटी?"

"एकटी."

"मला न शोधता?"

सगळा वर्ग बघत होता. हे एवढंसं बोलायला मला किती वेळ लागला, काय सांगू. "न शोधता," म्हटलं.

तिने मला पुढे घातलं, स्वतः पार शेवटी जाऊन चालायला लागली. दोन तासांची वाट होती. मागे तिच्या बुटांचा आवाज कधी यायचा, कधी बंद व्हायचा. बंद झाला की मानेची शीर ताठ व्हायची. मी मान वळवली नाही.