सारख्या दोराची वाटणी

काकाजी, बाबांचे धाकटे भाऊ, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बोलायचे आणि दर दोन वाक्यांमागे थुंकायचे. विहिरीजवळच्या भाजीच्या तुकड्याची वाटणी झाली त्या सकाळी ते सरळ आमच्या मेथीच्या वाफ्यात थुंकले. मला शिसारी आली.

बाबा गेल्यावर आई त्या तुकड्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढून हिंगणीच्या बाजारात विकायची. घर त्यावर चालायचं. तुकडा पळीसारखा होता, विहिरीजवळ ऐसपैस आणि पुढे धुऱ्यालगत, शेताच्या बांधाशी, दांड्यासारखा अरुंद. काकाजींनी ऐंशी हातांचा दोर आणला. चार खुंट्यांभोवती फिरवून आधी स्वतःचा चौकोन आखला, वीस हात लांब, वीस हात रुंद. मग तोच दोर धुऱ्याकडे नेऊन आईची पट्टी आखली. लांबी पस्तीस हात, रुंदी जेमतेम पाच.

"दोर तेवढाच लागला, वयनी. कमीजास्त काही नाई," काकाजी म्हणाले.

गाठ सुटायच्या आत माझ्या डोक्यात हिशेब झाला होता. त्यांचे चारशे चौरस हात, आईचे पावणेदोनशे. निम्मेसुद्धा नाहीत. पण मी गणित घेऊन बी.एड. करून घरी बसलेला, आणि काकाजी माझ्यासाठी एका शाळेत शब्द टाकणार होते.

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू तं गणित शिकला बापू. सारखं हाय ना?"

"हो. सारखंच हाय."

नोकरी लागली. आता दरवर्षी मी वर्गात शिकवतो की परिमिती सारखी असली म्हणून क्षेत्रफळ सारखं होत नाही. पोरांना ते दहा मिनिटांत कळतं. मला मात्र तो तास नकोसा होतो. काकाजींच्या लाल तोंडाची मी इतकी वर्षं किळस केली, आणि खरं घाण तोंड माझं होतं. आईला सांगायचं रोज ठरवतो, रोज टाळतो.

परवा शेजारच्या बाईने निंदता निंदता आईला म्हटलं की तुझा हिस्सा कमी दिसतो, पुन्हा मोजून घे. मी तिथेच उभा होतो. आईने हातातली सांबाराची जुडी बांधून संपवली.

"माह्या पोरानं पाह्यलं हाय," ती म्हणाली, आणि तेव्हापासून ती त्या बाईशी बोलत नाही.