रुचिराचा उजवा डोळा

रुचिराचे डोळे फार सुंदर आहेत, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. म्हणायला काय जातं? ती बाई सकाळी उठून त्या डोळ्यांत काय घालते आणि रात्रीपर्यंत ते कसं सोसते, हे कोणी विचारत नव्हतं. मला विचाराल तर ते डोळे सुंदर कमी आणि ओलसर जास्त होते. खाजायचे म्हणून ओलसर, आणि खाजले तरी चोळायची सोय नव्हती.

मी मूळची सांगलीची. बँकेनं बदली करून जबलपूरला धाडलं, तेव्हा मदन महल भागात वाडेगावकरांचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली विष्णुपंत, त्यांच्या पत्नी पद्मजाताई, मुलगा अंबरीश आणि सून रुचिरा. विष्णुपंत संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीस होते. तयार मालावर केसाएवढी रेघ असली तरी आपल्या नजरेतून सुटली नाही, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीपर्यंत डोळ्यांची तपासणी चष्म्याशिवाय पास. सत्तरी उलटली तरी चष्मा नाही. पेपर वाचताना हात इतका लांब धरत की समोरच्याला बाजूनं जावं लागे, पण चष्मा नाही. 'आमच्या घराण्यात कोणाला चष्मा नाही' हे त्या घरात देव्हाऱ्याइतकं जपलं जाई. अंबरीशसाठी सांगून आलेल्या दोन मुली त्यांनी चष्म्यापायी नाकारल्या होत्या. पद्मजाताई हे पाहुण्यांना कौतुकानं सांगत, आणि चहा द्यायला आलेली रुचिरा ते ऐकत उभी राही.

रुचिराचा नंबर उणे नऊ. समोरच्या माणसाला नाक आहे की नाही, हे तिला चष्म्याशिवाय कळत नसे. ती छिंदवाड्याची, कॉलेजपासून लेन्स वापरणारी. बघायच्या कार्यक्रमाला लेन्स लावून बसली. मुलीला नंबर आहे का, असं विचारल्यावर तिचे वडील रामराव चटकन नाही म्हणून गेले, आणि एकदा गेलेला शब्द मग निभावणं आलं. अंबरीशला मात्र साखरपुड्यानंतर तिनं स्वतः सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आईला सांगू नकोस म्हणाला, लेन्स लावतेस ना, चलो, झालं. सगळे त्याला भला माणूस म्हणत. घरात कुरबूर नको म्हणून जो दुसऱ्याला सोसायला लावतो त्याला भला म्हणतात, हे मी त्या घरात राहून शिकले.

मग सुरू झाली ती रोजची कसरत. सगळ्यांच्या आधी उठायचं, खोलीचं दार उघडण्यापूर्वी लेन्स लावायच्या. सगळ्यांच्या नंतर झोपायचं. दुपारी डोळा लागला तर लेन्ससकट. चष्मा सॅनिटरी पॅडच्या पुड्यात लपवलेला, कारण त्या पुड्याला घरातला कोणी पुरुष हात लावणार नव्हता आणि सोवळ्या-ओवळ्यापायी पद्मजाताई तर मुळीच नाही. मला हे कळलं ते गच्चीवर. पहाटे मी पाण्याची टाकी बघायला गेले, तर ही कठड्याला टेकून, जाड भिंगांचा चष्मा लावून मदन महलच्या टेकडीकडे बघत बसलेली. मला पाहताच तिनं चष्मा पदराखाली घातला. मी म्हटलं, अगं, मी सांगलीची आहे, मला काय करायचंय. तेव्हा ती हसली, आणि हसता हसता रडली. डोळ्यांना जरा वारा लागावा म्हणून रोज इथे येते, म्हणाली.

गढा भागातल्या एका खासगी शाळेत ती चित्रकला शिकवायची. हाताला फार सुरेख वळण होतं. पण शाळेत खडूची भुकटी, रस्त्याला धूळ, आणि चैत्रात गहू निघाला की आजूबाजूच्या शेतांवरून उडणारा भुसा. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी तिचे डोळे या सगळ्याला वैतागले. खाज, लाली, सकाळी पापण्या चिकटलेल्या, लेन्सवर पांढुरका थर. घरी विचारलं तर ऊन लागलं म्हणायची. मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी उलटी करून मला दाखवली. आतून सगळी पुरळानं भरलेली.

डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी आहे, लेन्स काही महिने बंद, चष्मा वापरा, थेंब घाला, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. पुन्हा लेन्स लावाल तेव्हा त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, कुठलंच नाही, फक्त बाटलीतलं सोल्युशन. तिनं हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "दीदी, घरी काय सांगू?"

तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून आम्ही एक तोडगा काढला. चष्मा आणि सोल्युशन माझ्याकडे राहील. सकाळी शाळेला जाताना ती वर येईल, लेन्स काढून चष्मा लावील, आणि परतताना पुन्हा वर येऊन लेन्स लावून खाली जाईल. पद्मजाताईंना वाटायचं, सुनेचं वरच्या मॅडमशी फारच जमतं. शाळेतली मुलं तिला चष्म्यातच ओळखू लागली. दिवसातले तेवढे तास डोळ्यांना मोकळीक मिळाली, थेंबांनी लाली उतरली आणि पावसाळ्यापर्यंत ती बरीच सावरली. एकदा तिनं चष्म्यातलं स्वतःचं चित्र काढून मला दिलं. खाली नेता येणार नव्हतं म्हणून दिलं, हे तिनंच सांगितलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे गौरी म्हणतात आणि हळदीकुंकवावर भागवतात. वाडेगावकरांकडे मात्र सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, आणि सगळं सोवळ्यात. सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसून सून स्वयंपाकघरात शिरली की नैवेद्य होईपर्यंत तिनं बाहेरच्या कशाला शिवायचं नाही. सुती कपड्याला नाही, प्लास्टिकला तर नाहीच. पाणीसुद्धा नळाचं चालत नाही. अंबरीश पहाटे ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेचं, तिथल्या बोलीत मैयाचं, पाणी आणायचा आणि तांब्याच्या कळशीत भरून ठेवायचा. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण दुसऱ्याच्या देवघरात मी नाक खुपसत नाही. त्या आठवड्यापासून मी बँकेच्या कामासाठी भोपाळला होते, वरची किल्ली रुचिराकडे ठेवून. पुढचं मला रुचिरानं सांगितलं.

महापूजेच्या दिवशी पहाटेपासून ती चुलीपाशी होती. धूप, फोडण्यांचा धूर, केवड्याची आणि झेंडूची रास. उजवा डोळा खाजता खाजता इतका पेटला की तिनं मनगटानं चोळला आणि लेन्स निघून तिच्या गालावर आली. एका डोळ्यानं सगळं धूसर, समोर कढईत उकळतं तेल. सोल्युशनची एक लहान बाटली तिच्या खोलीत होती, पण तिला शिवली असती तर सोवळं मोडलं असतं. सोवळं मोडलं तर स्नान करून, लुगडं बदलून पुन्हा सुरुवात, आणि त्याआधी सगळ्यांना कारण सांगायचं. बाहेर अख्खं गोत जमलेलं. तिनं दाराशी अंबरीशला बोलावून हळूच सांगितलं की निदान आईंना सांग, मी चष्मा लावते आता.

अंबरीशनं मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज काहून काढतेस हा विषय? मैयाचं पाणी आहे ना कळशीत, धुऊन घे त्यानं. बाटलीतल्या औषधापेक्षा कमी आहे काय ते?"

तिनं धुतली आणि लावली. संध्याकाळी पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या आधी पुन्हा.

मी तिला नंतर विचारलं, डॉक्टरांनी बजावलं होतं ना गं, कुठलंच पाणी नाही म्हणून? ती म्हणाली, "दीदी, ते पाण्याबद्दल बोलले होते. मैयाला आपण पाणी कुठे म्हणतो?" हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. नवऱ्याच्या धाकानं केलं असतं तर मला त्याच्या एकट्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. पण तिनं श्रद्धेनं केलं होतं, आणि त्या श्रद्धेवर मी काय बोलणार होते?

काही दिवसांत उजवा डोळा दुखू लागला. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच. तिलाही तसंच वाटलं. तिनं अ‍ॅलर्जीचे जुने थेंब काढले आणि घालत राहिली. जिना चढवत नाही म्हणून तिनं चष्म्यासाठी वर जाणंही सोडलं, शाळेत रजा टाकली. मी परतल्यावर खाली गेले तर ती अंधार करून, डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. उजेडाचा एक किरण सोसवत नव्हता. अंबरीश म्हणाला, मौसम बदलून राहिला आहे मॅडम, होतं असं. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. रिक्षा मागवून तिला घेऊन गेले.

डॉक्टरांनी बघितलं आणि ताबडतोब नागपूरला पाठवलं. तिथे निदान झालं. पाण्यात राहणारा एक जंतू, जो नदीत असतो, नळात असतो, घरच्या टाकीतही असतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो. लेन्सला पाणी लावलं होतं का, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि इतकी वर्षं लपवलेली गोष्ट त्या खोलीत विष्णुपंतांपुढे, पद्मजाताईंपुढे उघडी पडली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार.  पण विष्णुपंत खिडकीबाहेर बघत राहिले. डोळा वाचला, म्हणजे खोबणीत राहिला. बुबुळावर पांढरा डाग बसला आहे. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

पद्मजाताईंनी तिची फार सेवा केली, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. तासातासाला थेंब घालायचे असत. अंबरीशनं घातलेले थेंब गालावर पडत, रुचिराला स्वतःला नेम धरता येत नसे. पद्मजाताई तिचं डोकं मांडीवर घेत आणि एक थेंब वाया न जाऊ देता घालत. दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी खाली त्यांच्याकडे बसले होते. थेंब घालून झाले, पद्मजाताईंनी पदरानं तिचा गाल टिपला आणि अगदी सहज म्हणाल्या, "मला माहीत होतं तुझं."

रुचिरानं विचारलं, काय?

"लेन्सचं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तू भज्यांसाठी कांदे चिरून राहिली होतीस. आम्ही सगळे डोळे पुसून राहिलो होतो, आणि तुझ्या डोळ्यात टिपूस नाही. माझ्या भाचीचं तसंच आहे, ती लेन्स लावते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"काहून बोलायचं, मॅडम? ती लपवून राहिली होती. सून लपवते आणि सासूनं उघडं करायचं? आपणहून सांगेल कधीतरी, म्हटलं." मग त्या रुचिराचे केस मागे सारत म्हणाल्या, "त्या दिवशीही मी दाराशीच होते गं. तुला कळशीतलं पाणी घेताना पाहिलं. खरं सांगू, मला बरंच वाटलं. प्लास्टिक डोळ्यात घालून तू सोवळ्यात शिरायचीस, दर वर्षी माझ्या मनाला लागून राहायचं. म्हटलं, चलो, मैयानं सोवळं करून दिलं."

 मला भयंकर संताप आला होता. त्या कपटानं बोलत असत्या तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या मायेनं बोलत होत्या.

रुचिरानं विचारलं, "आणि चष्मा लावून शिरले असते तर?"

"चष्म्याचं काय एवढं? काच असते. धुतला की चालतो."

"आई, एकदा आवाज द्यायचा होता."

"तू दिला असतास तर?" पद्मजाताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "माझ्याच घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस तू."

  दुसऱ्या बाटलीतले थेंब घालायची वेळ झाली होती. मी उठून बाटली हातात घेतली, पण तिनं मान हलवून मला थांबवलं. म्हणाली, दीदी, तुम्हाला जमणार नाही, ते आईंनाच जमतं. मग तिनं पुन्हा त्याच मांडीवर डोकं ठेवलं, आणि पद्मजाताईंनी दोन बोटांनी तिचा उजवा डोळा उघडा धरला.