घशाची दवाई

भजनाला बसण्याआधी तो खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढायचा, सरळ तोंडाला लावायचा आणि आमच्याकडे बघून म्हणायचा, "घशाची दवाई हाये गा, दारू थोडीच हाये!" मग खंजिरीवर थाप पडायची.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. अमरावतीच्या आमच्या खंजिरी भजन मंडळात गाणारा तो एकटाच. बाकीचे नुसते मागे झील धरणारे. मी पेटी वाजवतो, तीही बेताचीच. एरवी तो दुचाकीच्या सीटांना कव्हरं शिवायचा. रविवारी तिवसा, परतवाडा, जिथून बोलावणं येईल तिथे आम्ही जीपमधून जायचो. बोलावणं बहुतेक दारूबंदीच्या भजनांसाठीच. दारूवर तो असा तुटून पडायचा की समोर बसलेले पिणारे माना खाली घालायचे. स्वतः माळकरी. अंडं असेल म्हणून वाढदिवसाचा केकसुद्धा खात नसे.

नाव झालं तसा त्याचा पाहुणचारही ठरून गेला. इतरांना चहा, त्याच्यासाठी सतरंजीवर पानाच्या तबकाशेजारी औषधाची बाटली. औषध गुंगीचं, पण बुवांसाठी पाहिजे म्हटलं की मेडिकलवाला डॉक्टरची चिठ्ठीही मागत नसे. एका गावाने तर बाटलीला हळदकुंकू लावलं होतं. आम्ही हसलो. तोही हसला. "मान हाये बाप्पा," म्हणाला आणि अख्खी संपवली.

पुढे भर भजनात त्याचे डोळे मिटू लागले. खंजिरी हातात, मान छातीवर. लोकांना वाटलं, भावसमाधी लागली. परतवाड्याकडे एका बाईने आपलं लेकरू त्याच्या पायावर घातलं. मी त्याला कोपराने ढोसत होतो, तर ती मलाच दटावू लागली, "राहू द्या नं, देवाजवळ गेले ते." देवाजवळच चालला होता, हे तिला कोणी सांगावं!

त्याच्या बायकोला सगळं कळत होतं. "भाऊजी, तुमच्यासंग येतेत तवा बाटली घेऊ देऊ नोका यायले," वहिनी मला म्हणाल्या. "दारू पेत असते तं भांडली असती, माहेरी गेली असती. दवाईशी कशी भांडू?"

शेवटी वहिनींच्या भावाने त्याला अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. "मी काय बेवडा हाये? मी तं बेवड्यायची सोडवतो!" म्हणून त्याने तिथे तमाशा केला. तरी राहिला. अंगाची लाकडं झाली, तळमळला, पण राहिला. परत आला तेव्हा डोळे स्वच्छ होते. वहिनींनी पुरणाचा स्वयंपाक केला. मला वाटलं, सुटला. खरंच वाटलं.

त्यानंतरचं पहिलंच बोलावणं तिवशाजवळचं. गाता गाता आवाज चिरकला. यजमानाने प्रेमाने बाटली पुढे केली. "गरम पाणी द्या त्याले!" मी ओरडलो.

"काहून गा?" तो मला म्हणाला. "त्यायचा मान काहून मोडतं?"

त्याच वर्षी हिवाळ्यात एका सकाळी तो उठला नाही. बाटलीच्या जोडीला झोपेच्या गोळ्याही होत्या, असं डॉक्टर म्हणाले. झोपेतच श्वास थांबला. केवढा दमाचा माणूस, आणि श्वासच कमी पडला. मला अजून त्याचा राग येतो. आठवणही येते.

तेरवीला त्याच्याच अंगणात आम्ही भजनाला बसलो. परतवाड्याहून नवा गायक आणला होता. पहिल्याच कडव्याला त्याला ठसका लागला, तशी मंडळातल्या एकाने झटकन खिशातून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. मी पेटी सोडून ती हिसकावली.

"असं काय करता काका?" बाटली देणारा म्हणाला. "घशाची दवाई हाये नं."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत जाऊन कडी लावून घेतली. नव्या गायकाने पुढचं कडवं उचललं. मंडळाने मागून झील धरली.